ताटात ठेवायचा फोन

“एकशे अठ्ठावीस जीबी पुरे. हिला काय एवढं साठवायचंय?”

माझ्या होणाऱ्या सासूबाई दुकानदाराशी हळूच बोलल्या होत्या, पण मारुती मंदिराजवळचं ते दुकान इतकं अरुंद होतं की सगळं ऐकू येत होतं. मी आणि आई काउंटरच्या टोकाला उभ्या होतो. रविवारी माझा साखरपुडा होता. आमच्याकडे हल्ली अंगठीबरोबर मुलीला फोनही देतात. साडी-नारळाशेजारी ताटात सीलबंद खोका ठेवतात आणि पाहुणे आधी त्यावरचं मॉडेल वाचतात.

“दोनशे छप्पन्नच द्या,” माझा होणारा नवरा म्हणाला. तो जहाजावर नोकरीला. लवकरच परत जाणार होता. “रोज व्हिडिओ पाठवायचेत तिने.”

“मज्जा आहे वहिनींची,” दुकानदार म्हणाला. “रंग कुठला देऊ, वहिनी?”

मी निळ्याकडे बघितलं. होणाऱ्या नवऱ्याने काळा उचलला.

“बोल की गो काहीतरी,” आई कुजबुजली. “मुकी समजतील.”

“असू दे हो, शांत मुलगी बरी,” सासूबाई हसल्या.

मग त्याने सील फोडायला सांगितलं. सासूबाईंचं हसू गेलं. “अरे, ताटात फोडलेला खोका ठेवू?”

“गुंडाळून देतील परत. कळणार पण नाही कोणाला. आतून तयार करून देऊ तिला.”

दुकानदाराने माझ्यापुढे हात केला. “जुना द्या, वहिनी. शेजारी ठेवला की सगळं आपोआप येतं. फोटो, चॅट, नंबर.”

मी दिला. सगळे वाट बघत होते म्हणून दिला.

नव्या फोनने ईमेल विचारला. होणाऱ्या नवऱ्याने स्वतःचा टाकला. पुढे इंग्रजी सूचना येत गेल्या आणि तो न थांबता ‘हो’ दाबत गेला. लोकांकडे बघायला नको म्हणून समोर असेल ते वाचत राहायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. मी उलट्या बाजूने वाचत होते. माझं लोकेशन त्याला दिसू द्यायचं का? किती वेळ? तासभर, दिवसभर, की बंद करेपर्यंत? त्याने शेवटचं निवडलं.

गेल्या आठवड्यात तो फोनवर हसत म्हणाला होता, “काल संध्याकाळी भाट्याच्या पुलावर बराच वेळ थांबलेलीस म्हणे?” मी एकटीच होते, होड्या बघत. त्याला कोणी सांगितलं, ते त्याने सांगितलं नाही. “काळजी करतो गो तो,” आई म्हणाली होती, आणि मला ते पटलंही होतं.

“जुन्याचा पासवर्ड सांगा, वहिनी. मग सुरू होईल.”

माझ्या फोनमध्ये वाईट काहीच नव्हतं. मैत्रिणींची गाऱ्हाणी होती, समुद्राचे फोटो होते, आणि मी स्वतःसाठी लिहिलेलं, कोणालाच न दाखवलेलं बरंच काही. एकदा ते त्याच्या ईमेलच्या खात्यात गेलं की परत फक्त माझं होणार नव्हतं.

“आता आमच्यात काय लपवायचं असतं?” तो आईला म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. आईने मान डोलावली. बोलता बोलता त्याने माझ्या जुन्या फोनवर तळहात ठेवला, अगदी अलगद, आणि तसाच राहू दिला.

दुकानदाराने पुन्हा विचारलं. आईने मला कोपराने ढोसलं.

“हात काढा,” मी म्हणाले. “तो माझा फोन आहे.”