थंड बोटांची तक्रार

रत्नागिरीच्या खालच्या आळीत कुणाला मिक्सर घ्यायचा असो, नाहीतर लेकीच्या वाढदिवसाला पुस्तक, आधी भास्कर केतकरांच्या ओटीवर चक्कर व्हायचीच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. दुकानदाराचा मेहुणा नाही की कंपनीचा जावई नाही. पदरचे पैसे घालून वस्तू घ्यायचा, वापरायचा आणि असेल ते तोंडावर सांगायचा. वर मोबाईलवर तारे देऊन अभिप्रायही लिहायचा, चांगला ऐसपैस.

आणि त्या अभिप्रायात एक 'पण' ठरलेलं. "मिक्सर दणकट आहे, पण ओरडतो असा की अख्ख्या आळीला कळतं, आज केतकरांकडे चटणी आहे." "कादंबरी उत्तम, पण शेवटची शंभर पानं लेखकाने स्वतःसाठीच लिहिल्येत." मुलाने फरशी पुसणारं यंत्र धाडलं, तर म्हणे, "हुशार आहे, पण उंबरठा आला की अडून बसतं. कोकणातल्या घरात उंबरठे किती, ते करणाऱ्याला ठाऊक नसावं."

बायको उल्काकाकू हसायच्या. "अहो, उद्या देवाने स्वर्ग दाखवलान तरी तुम्ही म्हणाल, जागा प्रशस्त आहे, पण डास आहेत."

गेल्या वर्षी गणपती गेले आणि काकूंना खोकला धरला तो सुटेना. परसातल्या चार पायऱ्या चढून आल्या की ओटीवर टेकायच्या, बोलायलाही दम उरायचा नाही. मुलगा मुकुल पुण्याला. त्याने बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र धाडलं आणि फोनवर बजावलं, "बाबा, आकडा नव्वदच्या खाली गेला तर विचार करत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा."

भास्कररावांनी आधी स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. अठ्ठ्याण्णव. मग काकूंच्या बोटाला लावलं. शहाऐंशी. बोट बदललं, हात बदलला, आकडा तिथल्या तिथेच.

"एकाच घरात बसलोय, एकच हवा घेतोय आणि दोघांना दोन आकडे? चक्रम आहे हे यंत्र!"

काकूंचे हात लग्नापासून गार. भास्कररावांनी चष्मा लावून माहितीपत्रक काढलं आणि बारीक अक्षरांत हवं ते वाक्य सापडलंच: बोटं थंड असल्यास आकडा चुकू शकतो. झालं! वकिलाला कलम सापडावं तसे खूश झाले.

"मशीनला कशाला नावं ठेवताय?" काकू हळूच म्हणाल्या. "मलाच बरं वाटत नाहीये हो."

"तू गप बस. आधी हात शेक, मग बघू."

काकूंनी बिचारीने हात शेकले. आकडा तरीही हलला नाही. दुसरा कुणी असता तर इथे घाबरला असता. पण आमच्या भास्कररावांच्या लेखी यंत्र सदोष असल्याचं आता पक्कंच झालं. मुकुलला त्यांनी कळवलं, यंत्र बिघडलेलं निघालं, परत करतोय, आईला सोमवारी डॉक्टरांकडे नेतो. मोबाईलवर अभिप्राय टाकला: "दिसायला सुबक, पण थंड हातांच्या माणसांना निरुपयोगी. एक तारा." आळीतही चार जणांना सांगून झालं. यंत्र खोक्यात घालून, चिकटपट्टी मारून कपाटात ठेवलं.

सोमवार उजाडलाच नाही. रविवारी सकाळी चहा पिता पिता काकू घुसमटल्या. रिक्षा धावत आली, हॉस्पिटलात खाटही मिळाली. तिथल्या यंत्राने शहाऐंशीपेक्षा कितीतरी खालचा आकडा दाखवला. "फुफ्फुसं भरलीयत," डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी आणायला हवं होतंत." संध्याकाळी काकू गेल्या.

दिवसकार्य उरकलं. मुकुल बापाला एका शब्दाने काही बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं. तो पुण्याला परतला आणि घर खायला उठलं.

एके दिवशी शेजारची दीपाली आली. ओटीवर अवघडून उभी राहिली.

"काका, आमच्या सासऱ्यांना दम लागतोय. ते बोटाचं मशीन घेणार होतो, तुम्ही फालतू म्हणालात म्हणून राहिलं. दुसरं कुठलं चांगलं आहे का हो?"

भास्करराव उठले. कपाटातलं खोकं आणलं. चिकटपट्टी नखाने उचकटून पाहिली, निघेना. शेवटी दीपालीनेच ती ओढून काढली.

"हे ने."

"अहो, पण हे बिघडलेलं ना?"

"काही बिघडलेलं नव्हतं गं. तिला श्वास पुरत नव्हता. मशीन सांगत होतं, तीही सांगत होती. मी दोघांचं ऐकलं नाही. माझ्या शहाणपणापायी गेली ती." त्यांनी डोळे पुसले. "आकडा खाली दिसला तर यंत्राशी वाद घालू नकोस. आधी रिक्षा बोलाव."

कसं लावायचं ते दाखवायला त्यांनी स्वतःचं बोट त्यात घातलं. अठ्ठ्याण्णव.

"बघ. बरोबर दाखवतं."

दीपाली सवयीने थांबली. आता 'पण' येईल, तेवढं ऐकून निघावं. ते आलंच नाही. म्हातारा आपल्या बोटावरच्या त्या धडधाकट आकड्याकडे बघत ढसाढसा रडत होता.