आधी इसरूभाऊ, मागून रईस

घुग्घुसला माणूस धावताना दिसला की लोक गाडी थांबवून विचारतात, "बस सुटली का बे?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याला मागच्या सीटवर बसवून घेतात. तब्येतीसाठी धावणं लोकांना कळतं, पण ते डॉक्टरनं सांगितलेलं असावं आणि धावणाऱ्याचं पोट सुटलेलं असावं. रईसचं पोट पाठीला लागलेलं. त्यामुळे दोन हजार चारच्या हिवाळ्यात हा माणूस नेमकं काय करून राहिला आहे, हे आमच्या कॉलनीत कोणालाच कळलं नाही.

रईस कोळशाच्या खदानीत पंपावर होता. जमिनीखाली झिरपणारं पाणी रात्रभर उपसून वर फेकायचं, ही नोकरी. आणि सुट्टी मिळाली की हाच माणूस वर्धा नदीच्या डोहात पोहायला जायचा. एकदा टीव्हीवर त्यानं ती शर्यत पाहिली. आधी समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल हाणायची आणि त्यानंतरही जीव उरला तर एकवीस किलोमीटर धावायचं. तेही ठरल्या वेळेत. नाहीतर घरी जा.

"मिळता क्या उसमें?" त्याची बायको खैरुन हिनं विचारलं.

"पदक."

"सोने का?"

"पितळ असन."

"पितळ तो मेरे मायके से भी आया था," खैरुन म्हणाली, "पूरा हंडा."

फेब्रुवारीत अशी एक शर्यत दक्षिणेत समुद्रकाठी होती. रईसनं नाव घातलं. पोहणं जमत होतं. सायकलही जमली. सिमेंटच्या ट्रकांमागून ती चालवायची असल्यामुळे तो काळा जायचा आणि पांढरा परतायचा, एवढंच. अडलं ते धावणं. रात्रपाळी, मग दिवसाची झोप, मग पोरं, मग पुन्हा पाळी. मधे धावायचं कधी? त्यात नागपूरचा त्याचा साळा सैफ, जो या सगळ्यातला जाणकार होता, फोनवर बजावायचा, "भाईजान, आराम करो. आराम भी प्रॅक्टिसच है." रईस आज्ञाधारकपणे आडवा व्हायचा. पण आमच्या कॉलनीत सायकल चालवणारा माणूस वेडा वाटतो आणि पडलेला माणूस रिकामा वाटतो. कोणाचा सिलिंडर आणायचा, कोणाच्या साक्षगंधाचा मंडप बांधायचा, लोक सरळ त्यालाच उठवायचे.

शेवटी त्याला युक्ती सुचली. पाळी सुटली की खदानीतून घरी धावतच यायचं. सकाळची वेळ, रस्ता ओळखीचा, वेगळा वेळ काढायला नको.

पहिल्याच दिवशी बाकीचे आंघोळीला आणि चहाला थांबले आणि रईस एकटा निघाला. तोंड कोळशानं काळं, नजर समोर, श्वास भात्यासारखा. खदानीकडून असा एकटा माणूस धावत आला की कॉलनीत त्याचा एकच अर्थ होतो. खाली काहीतरी झालं आहे.

"रईसभाऊ, काय झालं?" दारादारांतून बाया ओरडल्या. रईस घड्याळ लावून धावत होता. थांबलं तर वेळ बिघडते. तो थांबला नाही.

शेजारच्या गिरजाबाईचा नवरा इसरू त्याच पाळीत होता. ती कणकेच्या हातांनी, अनवाणी खदानीकडे निघाली आणि तिच्या मागे अर्धी कॉलनी. वळणावर समोरून लुना आली. लुनावर इसरू, गालात खर्रा, चालीत बैलगाडीची शांती.

"कुठी चालली व?"

गिरजाबाईनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की धुतलेल्या शर्टावर कणकेची पाचही बोटं उमटली.

संध्याकाळी ती रईसच्या दारात आली. भांडली नाही. तेच वाईट. "भाऊ, तू पोह्य, सायकल चालव. पण खदानीकडून धावत येऊ नोको. माह्या पायात अजून जीव नाई."

रईसचे अब्बाही त्याच खदानीत होते. त्या रस्त्याकडे घरातली बाई कशी पाहते, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. तो "हो" म्हणाला आणि चडफडत आत गेला.

मग त्यानं उलटं करून पाहिलं. घरून धावत ड्युटीवर. गेटवर साहेबांनी धापा टाकणारा माणूस पाहिला आणि त्याला खाली पाठवायला साफ नकार दिला. हजेरी बुडाली. असं पुन्हा झालं, तेव्हा शर्यतीसाठी राखलेली रजाच धोक्यात आली.

तोडगा खैरुननं काढला. आधी इसरूभाऊ लुनावर येतील. ते दिसले की गिरजाबाई निश्चिंत, आणि गिरजाबाई घरात गेली की बाकीच्या बायाही घरात. मागून रईस धावेल. सगळ्यांना पटलं. फक्त इसरूला कोणी विचारलं नव्हतं.

इसरू आंघोळ करी. चहा घेई. मग खर्रा घोटायला बसे. पन्नीतली सुपारी-तंबाखू तळहातावर घासत तो पेन्शनचा प्रश्न काढी. रईस गेटवर एका पायावर उभा.

"चाला न भाऊ! अंग थंडं पडून राह्यलं."

"घोटू दे न बे. तुले काऊन घाई? धावतच तर जाशीन."

अखेर लुना निघे, ती वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. पुढे जायची रईसला बंदी. बाकी जग पुढच्याला गाठायचा सराव करतं, रईस पुढच्याला न गाठण्याचा करत होता. पेट्रोल संपलं की तो लुना ढकली. "पोटऱ्या मजबूत होतेत," इसरू सीटवरून धीर देई.

शर्यतीला रईस गेला. समुद्रात छान पोहला. धूळ नसलेल्या रस्त्यावर सायकल चालवताना त्याला हसूच येत होतं. धावताना मात्र सोळाव्या किलोमीटरला शिट्टी वाजली. वेळ संपली.

"हंडा बरा होता," खैरुन एवढंच म्हणाली आणि त्याच्या पायांना तेल लावायला बसली.

रजेनंतरच्या पहिल्या पाळीला रईस बाहेर आला, तर गेटवर लुना चालू. वर इसरू. आंघोळ नाही, चहा नाही, गाल रिकामा.

"चाल. धाव."

"आज?"

"मग कधी? माह्यापायी तुही शर्यत बुडाली म्हणते अख्खी कॉलनी. गिरजा माह्याशी बोलत नाई. पुढच्या साली तुले पोचवल्याबिगर मी खर्रा खात नाई."

रईस ओशाळला. "भाऊ, सैफनं पंधरा दिवस आराम सांगितला."

इसरूनं रागानं लुनाची मूठ पिळली.

"मी चहा सोडून आलो बे!"

रईस मागे बसला. कॉलनीच्या चढावर दोघांच्या वजनानं लुना थांबली.

"उतर," इसरू म्हणाला. "तुहा आराम उद्यापासून."