त्यांनी म्हणजे कोणी?

हिंदी मुलखातल्या बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या वनमालाबाईंना सवत नव्हती, तरी तीस वर्षं त्या एका सवतीवर जळत होत्या. तिला कुणी पाहिलंही नव्हतं.

त्यांचे यजमान शालिग्राम रेल्वेत कारकून. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी शहराबाहेरच्या भनपुरीहून स्कूटरवर घरी निघाले आणि चार तास गायब झाले. परतल्यावर म्हणाले, उजेड पडला, आकाशातल्यांनी वर नेलं, पुन्हा आणून सोडलं. सारा मोहल्ला हसला. वनमालाबाई हसल्या नाहीत, कारण नवऱ्याचा भांग डावीकडून उजवीकडे गेलेला त्यांनी पाहिला होता. उजेड काही कुणाचे केस विंचरत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा भांग वनमालाबाईच पाडू लागल्या. शालिग्राम डोकं पुढे करत.

यंदा पुतणी ईरानं त्या चार तासांवर सिनेमा काढला. काकांना खरंच नेलं की काकांनी थाप मारली, हे तिला सांगायचंच नव्हतं, बघणाऱ्यानं ठरवावं. बायकोपुढे तीन वाक्यांत आटपणारा माणूस कॅमेऱ्यापुढे तासभर बोलला, म्हणून वनमालाबाई कॅमेऱ्यावरही जळल्या.

मग ईरा लॅपटॉप घेऊन आली. खाली इंग्रजी ओळी टाकायच्या होत्या आणि एका वाक्याशी तिची गाडी अडली होती. पडद्यावर काका म्हणत होते, "त्यांनी माझा हात धरला."

"काकी, इंग्लिश में 'ही' लिखूँ, 'शी' लिखूँ, या 'दे'?"

 मराठीतल्या 'त्यांनी'नं इतकी वर्षं झाकलेलं गुपित इंग्रजी उघडं पाडायला निघाली होती. 'शी' म्हणावं, तर चारचौघांत शोभा.

"'दे' लिही," त्या म्हणाल्या.

शालिग्राम पलंगावर पेपर वाचत होते. लोकांच्या अर्जातल्या चुका काढण्यात जन्म गेलेला, त्यांना राहवलं नाही.

"चुकून राहिली तू. 'दे' नाही. एकटीच होती."

"मले काहून नाही सांगितलं तुमी?"

"तू भांगाचंच इचारत राहिली. कोन होती, हे कधी इचारलं नाही."

ते खरंच होतं. उत्तराच्या भीतीनंच त्यांनी विचारलं नव्हतं. आताही प्रश्न ओठांवर आला, आकाशातली की भनपुरीची, आणि त्यांनी तो गिळला. आकाशातली निघाली असती तरी जीव तेवढाच जळला असता.

ईरानं हळूच विचारलं, "तो 'शी' कर दूँ?"

"'दे'च राहू दे," वनमालाबाई म्हणाल्या. मग फणी घेऊन पलंगाशी गेल्या आणि सकाळीच पाडलेला भांग उरल्यासुरल्या केसांत पुन्हा डावीकडे पाडला.