तानुबाईचा गोळ्यांचा डबा

उंद्री गावात कुणाचं पोट बिघडलं की आधी तानुबाईचं दार वाजायचं, दवाखाना नंतर. तिच्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात गल्लीभरच्या उरलेल्या गोळ्या. कुणी बरं झालं की उरलेल्या आणून द्यायचं. कुणी वारलं, तर तेरावं झाल्यावर घरचे त्याच्या गोळ्या घेऊन यायचे, कारण औषध उकिरड्यावर टाकायला आपला जीव होत नाही. पट्ट्या दुकानातून कात्रीनं कापून आलेल्या. नाव एका तुकड्यावर राहिलेलं, तारीख दुसऱ्यावर. तानुबाईचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पांढरी गोल हगवणीची, गुलाबी पित्ताची, असा तिचा साधा हिशेब. तिनं दिलेल्या ट्यूबनं गल्लीतल्या जानरावचं गजकर्ण चार दिवसांत गेलं आणि नंतर मांडीभर पसरलं, तेव्हा तिनं दोष त्याच्या आंघोळीला दिला. एवढा आत्मविश्वास शिकल्यासवरल्या डॉक्टरांनाही नसतो.

सोयाबीनची सोंगणी सुरू होती. सून काजल शेतात गेलेली. तिच्या दोन वर्षांच्या प्रेमला सकाळपासून जुलाब होत होते. आशाताई मंजुश्री ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या देऊन, घोट घोट पाजत राहा असं बजावून गेली होती. पण पाण्यानं पाणी कसं थांबेल, हे काही तानुबाईला पटेना. तिनं डब्यातली पांढरी गोळी मोडली, पाव तुकडा मधात उगाळला आणि नातवाला चाटवला.

पोर झोपलं. दुपारी ती उठवायला गेली, तर त्याचं अंग थंड घामानं चिंब आणि मान लुळी. हाका मारल्या तरी तो डोळा उघडेना. तानुबाई डब्याकडे धावली. तिनं डबा उपडा केला. पांढऱ्या गोल गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या, दोन्ही अर्ध्या रिकाम्या, गोळ्या अगदी सारख्या. एक हगवणीची. दुसरी शेजारच्या हिंमतरावांची, आणि ते शुगरचे पेशंट होते. परवाच त्यांचं तेरावं झालं होतं.

निरोप मिळताच काजल धावत आली आणि ऑटो चिखलीच्या दवाखान्याकडे निघाला. यानं काही खाल्लं का, काजल पुन्हा पुन्हा विचारत होती. तानुबाई प्रत्येक वेळी नाही म्हणाली. पदराखाली डबा होता आणि त्याचं झाकण ऑटोच्या हादऱ्यांनी वाजत होतं. सांगावं तर सून जन्मभर तोंड बघणार नाही. न सांगावं तर पोर जाईल. तिला दोन्हींची भीती वाटत होती, आणि रस्ता काही सरत नव्हता.

डॉक्टरांनी प्रेमच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि घरात कुणी काही औषध दिलं का, असं विचारलं. काजल नाही म्हणणार, तोच तानुबाईनं डबा टेबलावर ठेवला.

"गोळी म्या देल्ली," ती म्हणाली. "पण कोणती देल्ली, ते मले माहीत नाही."

काजलनं सासूकडे पाहिलं. मग पोराकडे तोंड फिरवलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर तानुबाईला सोसलं असतं.

डॉक्टरांनी लगेच पोराचं बोट टोचलं. साखर फार खाली गेली होती. सुई लागली, सलाइनमधून साखर जाऊ लागली. नर्सनं डबा उचलून बाजूला ठेवला. हगवणीची गोळीसुद्धा एवढ्या लहान लेकराला द्यायची नसते, पुडीचं पाणी हेच त्याचं औषध, असं डॉक्टर हात चालवता चालवता म्हणाले. तानुबाईच्या कानावर ते पडत होतं, पण तिची नजर पोराच्या छातीवरून हलत नव्हती.

बऱ्याच वेळानं प्रेमनं डोळे उघडले आणि तो बारीक आवाजात रडू लागला. साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून उद्यापर्यंत इथंच राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे भीती अजून संपली नव्हती. पोरानं सवयीनं आजीकडे हात पसरले. ते हात धरायची तानुबाईची हिंमत होईना. ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

काजलनं पोर उचलून तिच्याकडे दिलं.

"घ्या, आत्याबाई," ती हळू म्हणाली. "धरा त्याले. पण तुमच्या हातानं त्याले काही चाटवू नका."

तानुबाईनं नातवाला छातीशी धरलं. त्याच्या ओठांना मध अजून चिकटलेला होता. तो पुसायलाही तिनं बोट पुढं केलं नाही.