लालसूनं हात न लावलेली लॉरी

लालसूची गोष्ट सांगायची तर आधी माझी फजिती सांगावी लागते, आणि ती सांगायला मला आजही आवडत नाही. चोपन्न साल असेल. मी नथ्थू, आलापल्लीच्या एका लाकूड ठेकेदाराची लॉरी चालवायचो. लॉरी लढाईच्या आधीची. तिच्या पोटातलं दुखणं माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, असा माझा तोरा होता.

लालसू पंचविशीचा गोंड गडी. बुधरीवर त्याचा जीव जडला होता. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे तीन वर्षं तिच्या बापाकडे, कोलूकडे, राबायचं आणि मग लग्न. दोन वर्षं सरली होती. पण माझी लॉरी गावापाशी थांबली रे थांबली, की हा नांगर टाकून पळत यायचा. हँडल मारायचा, चाकं धुवायचा, बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचा. मीही लबाड, फुकटचा गडी कशाला सोडतो?

शेवटी कोलू तापला. गावासमोर म्हणाला, "लॉरीले पुन्हा हात लावलास, त तुही तीन वर्सं पयल्यापासून."

तेव्हापासून लालसू फक्त लांबून बघत उभा राहायचा.

महिन्याभरानं कोलू लाखेचं पोतं घेऊन आलापल्लीच्या बाजाराला निघाला. सोबत लालसू. दोघं माझ्या लॉरीत लाकडांवर बसले. अर्ध्या वाटेवरच्या चढावर इंजिन खोकललं आणि गप्प झालं.

त्या लॉरीला पेट्रोल वर चढवणारा पंप नव्हता. इंजिनाच्या वरच्या अंगाला एक डबा होता. इंजिन एका बारीक नळीतून त्या डब्यातली हवा ओढून घ्यायचं, मग मागच्या टाकीतलं पेट्रोल आपोआप डब्यात यायचं. मला वाटलं, पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला. ती काढून फुंकली, पुन्हा जोडली, पुन्हा काढली. तोंडात पेट्रोल गेलं, पण लॉरी हलेना. डब्यात वरून पेट्रोल ओतलं की ती चालू व्हायची आणि ते संपलं की पुन्हा बंद.

"लालसू, ये ना बाबा खाली," मी नाक मुठीत धरून म्हटलं.

लालसूनं कोलूकडे पाहिलं. "मले मनाई हाय, भाऊ. मामाले नाई."

"मले काय समजते त्यातलं?" कोलू गुरगुरला.

"मी सांगतो, तुमी करा."

बाजार उठला असता, म्हणून कोलू उतरला. लालसू दहा हात लांब उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. पहिलं फर्मान माझ्यावर निघालं, "बिडी इझवा भाऊ." मी विझवली. मग त्यानं मला डब्यात पेट्रोल ओतून इंजिन चालू करायला लावलं. कोलूच्या कमरेला चकमकीची थैली होती आणि तिच्यात सावरीचा कापूस.

"मामा, कापसाचा एक धागा त्या बारीक नळीवरून फिरवा."

म्हाताऱ्यानं धागा फिरवला. नळी डब्याच्या झाकणात शिरते तिथं तो चटकन चिकटला. बाहेरची हवा तिथून आत शिरत होती, म्हणून पेट्रोल वर ओढलंच जात नव्हतं. मी मात्र तासभर भलत्याच नळीशी झटत होतो.

"इंजिन बंद करा. आता लाख लावा, मामा. मेण पेट्रोलमंदी इरघळते, लाख नाई."

कुऱ्हाडीचे दांडे लाखेनं बसवण्यात कोलूचा जन्म गेलेला. लांब जाऊन त्यानं काडीवर लाख तापवली आणि सांध्याभोवती अशी लिंपली की मला हेवा वाटला. निवल्यावर मी हँडल मारलं. लॉरी चढ चढून गेली.

वर सपाटीला मी थांबलो. कोलूचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

"यानं माहा शब्द पाळला," तो म्हणाला. "राह्यलं साल माफ. मोहफुलं वेचून झाली का लगीन."

लालसू नुसता हसत राहिला. मीही हसलो, तर कोलू माझ्याकडे वळला.

"ड्रायवर, मी राबवून घेतो, पण शेवटी पोरगी देतो. तुह्या लॉरीवर हा दोन वर्सं राबला. तू काय देऊन राह्यला?"

मला खरंच लाज वाटली. मी उतरलो, दार उघडं धरलं आणि लालसूला स्टिअरिंगवर बसवलं. शिकवायला मी शेजारी. त्यानं लॉरी इतकी जपून चालवली की आम्ही पोहोचलो तेव्हा बाजार उठला होता. लाख विकली गेली नाही, तरी म्हातारा वर लाकडांवर बसून गाणं म्हणत होता.