खड्ड्यातलं मीठ

माझी चुलती, आमची मोठीमाय, कुणाकडेही गेली की आधी पाणी मागायची, घोट तोंडात घोळवायची आणि निकाल द्यायची. मलकापूरचं पाणी ‘जड’, डोणगावचं ‘बरं हाय’. ताईसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हाही मुलाआधी तिनं आड पाहिला. “पोरगा मागून सुधरते, पाणी नाही सुधरत,” हे तिनं वरपक्षाच्या तोंडावर सांगितलं.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. साखरखेर्ड्यात आमच्या आळीतला पहिला संडास बांधला मोठ्या बाबांनी, म्हणजे तिच्याच नवऱ्यानं. खड्डा इतका खोल खणवला, की तळाला पाणी लागलं. बघायला येणाऱ्यांना बाबा मिशीवर ताव देत सांगायचे, “नातवाच्या नातवालेबी भरत नाही!” आमचा आड भिंतीपलीकडेच होता.

पावसाळा सरताना आळीतली लेकरं हगवणीनं बेजार झाली. माझी धाकटी बहीण शांती तर पार मलूल होऊन पडली. मोठीमायनं आडाचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

“तुमचा खड्डा आडात उतरून राह्यला.”

“मधी एवढी जमीन हाय, दिसत नाही काय तुले?” बाबा उखडले.

  मळ्यातल्या विहिरीचं पाणी डोक्यावर आणून, उकळून मोठीमाय शांतीला पाजू लागली. बाबा मात्र हट्टानं आडाचंच पीत राहिले. मग एके दुपारी तिनं गुरांसाठी आणलेली खड्या मिठाची गोणी आख्खी त्या खड्ड्यात रिकामी केली.

काही दिवसांनी जेवताना बाबांनी तांब्या तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

“आडात मीठ कोनं टाकलं?”

“टाकलं मीच. पन आडात नाही, तुमच्या खड्ड्यात.”

बाबा ताटावरून उठले आणि स्वतः फावडं घेऊन खड्डा बुजवायला लागले. नवा खड्डा उताराला, आडापासून लांब आणि उथळ खणला. आड उपसून घेतला. दिवाळीत शांती अंगणभर नाचत होती. मला तर तेव्हा मोठीमायला खांद्यावर घेऊन गावभर मिरवावंसं वाटलं!

पुढे आळीत कुणीही खड्डा खणायचा तर जागा मोठीमाय दाखवी. शेजारच्या किसनरावांनी एकदा तिला न विचारताच आडाजवळ चुन्यानं गोल आखला. मोठीमाय आली आणि त्या गोलात मांडी घालून बसली.

“खंद आता.”

“काकू, काऊन तरास देता?”

“खंद ना बे!”

किसनरावांनी कुदळ खांद्यावर टाकली आणि उताराकडे निघाले. मोठीमाय उठली, लुगड्याला लागलेला चुना झटकला आणि पोहरा आडात सोडला.