जावेची नोकरी

धाकट्या जावेला घरबसल्या टायपिंगची नोकरी लागली हे ऐकलं आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तोंडाने ती "छान झालं गं" म्हणाली, पण हातातलं पातेलं ओट्यावर जरा जोरातच आदळलं.

थोरली लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांचे दगड व्हायचे, वाफेने बोटं सोलवटायची. आणि ही परवा घरात आलेली मुलगी मोबाईलवर चार मेसेज करते काय, आणि तिला दुप्पट पगार मिळतो काय. सासूबाई तर शेजारणीला सांगत सुटल्या होत्या, "आमची धाकटी हुशार हो." इतकी वर्षं राबूनही थोरलीच्या वाट्याला हे वाक्य कधी आलं नव्हतं.

"मुलाखत कधी झाली गं?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"मुलाखत नाही, ताई. चॅटवरच झालं सगळं. ओळखपत्राचे फोटो पाठवले, उद्या पगाराचं खातं जोडायचंय. साहेब म्हणाले, जागा थोड्या आहेत, बाहेर बोलू नका."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरलीने कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून धाकटीने सांगितलेल्या नावावरून त्या कंपनीची वेबसाइट शोधली. टायपिंग तर तिलाही येत होतं, लग्नाआधी ती तेच करायची. जागा थोड्या आहेत ना? मग आपल्याला लागून हिची गेली तर गेली. तिने वेबसाइटवरचा नंबर लावला.

पलीकडची बाई हे सांगून सांगून कंटाळलेली वाटली. "अशी कुठलीच नोकरी आमच्याकडे नाही हो. आमच्या नावावर कुणीतरी लोकांना फसवतंय. ओटीपी वगैरे दिला नाहीत ना?"

थोरलीला आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. धाकटीचा चेहरा कसा पडेल, सासूबाई आता शेजारणीला काय सांगतील, हे डोळ्यांसमोर आणत ती इस्त्रीपाशी आली. एका शर्टाची एक बाही होईपर्यंत तो आनंद टिकला. मग तिच्या लक्षात आलं, खातं आजच जोडायचंय. तिने धाकटीला फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. तिने इस्त्री बंद केली, मालकाला "घरी जाऊन येते" म्हणाली आणि जवळजवळ पळतच सुटली.

धाकटी खिडकीत उभी राहून बोलत होती.

"ओटीपी सांगू नकोस," थोरली दारातूनच म्हणाली. "तो माणूस भामटा आहे."

धाकटीने फोनवर हात ठेवला. "ताई, तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही ना?"

"नाही बघवत." धाप लागली होती, खोटं बोलण्याइतका दम उरला नव्हता. "कालपासून जळतेय मी. तुझी नोकरी मला मिळावी म्हणून तुझ्यामागे कंपनीत फोन केला, तेव्हा कळलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच लाव फोन. पण नंबर वेबसाइटवरचा घे, त्याने दिलेला नको."

फोनमधून आवाज येत होता, "मॅडम, लवकर बोला, वेळ संपतोय." धाकटीने फोन कापला. मग कंपनीत फोन लावला, ऐकलं, आणि फोन खाली ठेवला.

"ओळखपत्राचे फोटो तर गेले, ताई."

दोघी तशाच उठून बँकेत गेल्या, झालं ते सांगून खात्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करून घेतले. तिथून पोलिसांत तक्रार दिली. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं तेव्हा थोरलीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ती एवढंच म्हणाली, "कंपनी खोटी निघाली. कुणीही फसलं असतं."

पुढे काही महिन्यांनी धाकटीला एका दवाखान्यात खरंच नोकरी लागली. मुलाखतीला थोरली सोबत गेली होती. आतला गारवा, मऊ खुर्च्या, काउंटरवरचा कॉम्प्युटर बघून तिच्या पोटात पुन्हा कळ आली.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "तुमच्यासाठीही विचारलं मी, ताई. सध्या जागा नाही म्हणाले."

हिने आपल्यासाठी शब्द टाकावा, याचाही थोरलीला राग आला. पण बसमध्ये तिने धाकटीला खिडकीजवळची जागा दिली.